यशयादादाची मान

यशया साळवेला मागून हाक मारलेली खपत नसे. साइटवर नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी सांगायचं, "दादांशी बोलायचं असेल तर वळसा घालून समोर जा." मागून हाक मारली की काम फिसकटतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. घरातून निघालेल्या माणसाला कुणी मागून बोलावलं, तर आमची आई त्याला परत आत आणून घोटभर पाणी प्यायला लावायची. पण यशया ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा. म्हणून लोक त्याची थट्टा करायचे, "काय दादा, तुमच्या चर्चमध्येपण चालतं का हे शकुन-अपशकुन?"

"शकुन न्हाई बाबा, सवय हाय," एवढंच तो म्हणायचा आणि हसायचा.

मी त्या साइटवरचा सेफ्टी ऑफिसर. नाव अजिनाथ. सावेडीत राहतो, सव्वासातची कंपनीची बस पकडतो, आठच्या आत सुप्यात. सेफ्टी ऑफिसर म्हणजे काय, तर ज्याला बघून लोक हेल्मेट डोक्यावर ठेवतात आणि त्याची पाठ फिरली की काढून त्यात पेरू ठेवतात. अठरा वर्षं हेच चाललंय. मला कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पुढे काय केलं ते वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

सुप्याच्या एमआयडीसीच्या पलीकडे एका माळाच्या उतारावर गोदामं उभी राहत होती. खाली यार्ड, तिथे ट्रक रिकामे व्हायचे. वर सपाट केलेली जागा, तिथे बांधकाम. मधला रस्ता मुरमाचा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल आणि बाकीचे महिने दोन्ही. ब्लॉक, पाइप, पत्रे खालून वर न्यायला एक मोठ्या चाकांची फोर्कलिफ्ट होती. कारखान्यात फरशीवर फिरते ती बुटकी गाडी नव्हे. हिची चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी, पोट जमिनीपासून चांगलं वर, चारही चाकांना ताकद. दगडगोट्यांवरून ती म्हशीसारखी संथ चालायची, पण अडायची नाही.

तिची खरी गंमत वळण्यात होती. एक दांडा होता, त्याच्या तीन जागा. पहिल्या जागेवर फक्त पुढची चाकं वळायची, आपल्या मोटारीसारखी. दुसऱ्यावर पुढची एकीकडे आणि मागची उलटीकडे, त्यामुळे एवढं मोठं धूड अंगणाएवढ्या जागेत गोल फिरायचं. तिसऱ्यावर चारही चाकं एकाच बाजूला, की गाडी तोंड न वळवता तिरपी सरकायची. पोरांनी त्यांना नावं ठेवली होती: साधा, गोल आणि खेकडा.

यशयादादाच्या हाताला खेकडा बसला होता. दुसरे ऑपरेटर माल रचलेल्या लाकडी पॅलेटसमोर गाडी लावताना दोनदा-तीनदा मागे-पुढे करायचे, एखादा ब्लॉकचा कोपरा उडवायचे आणि वर माझ्याकडे बघून जीभ चावायचे. दादा एकदाच यायचा. वीतभर इकडे, वीतभर तिकडे तिरपा सरकायचा आणि फोर्कचे लोखंडी सुळे थेट पॅलेटखाली. वर भरून जाताना तोंड चढाकडे, रिकामा उतरताना तोंड उताराकडे. वर पोचला की 'गोल' लावून जागच्या जागी वळायचा. दिवसभरात त्याला मागे गाडी घ्यावी लागायची ती फक्त माल ठेवल्यावर फोर्क बाहेर काढण्यापुरती. "यशयादादा रिव्हर्स घेतच नाही," असं लोक कौतुकाने सांगायचे. मीही सांगायचो. नव्या ऑपरेटरांना उन्हात उभं करून दाखवायचो, बघा, याला म्हणतात गाडी चालवणं.

त्या गाडीत एकच खोड होती. दांडा एका जागेवरून दुसरीवर टाकायच्या आधी मागची चाकं सरळ हवीत. वाकडी असताना दांडा टाकला तर ती तशीच वाकडी अडकतात आणि गाडी भलतीकडे ओढते. चाकं सरळ झाली की एक हिरवा दिवा लागायला हवा. तो दिवा आमच्याकडे गाडी आली तेव्हापासून बंद. दर आठवड्याला मी तपासणीच्या कागदावर 'दिवा बंद' लिहायचो आणि तो कागद दर आठवड्याला फाईलीत जायचा. काम अडत नव्हतं ना! दिवा नसेल तर ऑपरेटरने मागे वळून चाकं बघावीत, एवढं सोपं होतं.

दादा मागे बघायचा नाही. त्याच्यासाठी ते मालनबाई करायची.

मालनबाई झेंडेवाली. पन्नाशीची, पारनेरकडच्या कुठल्याशा वाडीतून रोज टेम्पोने यायची. नऊवारीवर नारिंगी जाकीट, एका हातात हिरवा झेंडा, एका हातात लाल, गळ्यात शिट्टी. तिचं नेमून दिलेलं काम रस्त्यावरची माणसं बाजूला करणं. पण दादाला दांडा बदलायचा असला की ती त्याच्या डाव्या हाताला, त्याला दिसेल अशी पुढे उभी राहायची, कमरेत वाकून गाडीच्या मागच्या चाकांकडे बघायची आणि ती सरळ झाली की हिरवा झेंडा वर करायची. मग दादा दांडा टाकायचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तीन वर्षांत दोघांचं ते आपोआप बसून गेलं होतं. तिचं लक्ष दुसरीकडे असलं की दादा हॉर्न न वाजवता नुसता थांबून राहायचा. मालनबाई म्हणायची, "दादाची गाडी गप झाली की मला कळतं, माझा झेंडा पायजे."

दादा मूळचा ट्रॅक्टरवरचा. विशीत तो एका कारखान्यात बुटक्या फोर्कलिफ्टवर लागला आणि तिथे एकोणीस वर्षं काढली. तिथे फोर्कवर खोक्यांच्या उंच थप्प्या असायच्या. पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून पाळीभर गाडी उलटी चालवायची. डावा हात चाकावरच्या मुठीवर, उजवा हात पाठीमागच्या दांडीला आणि मान उजव्या खांद्यावरून मागे. दिवसाचे आठ तास. एकोणीस वर्षं. एकदा चहा पिताना तो मला म्हणाला होता, "साहेब, माझ्या अर्ध्या आयुष्यात मी फुडं बघितलंच न्हाई." मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

मला खरं काय ते कळलं नाताळात. गेल्या वर्षीची गोष्ट. पारनेर रस्त्याला त्याचं गाव, तिथे तो मला आग्रहाने घेऊन गेला. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. दादा सगळ्यांत मागच्या बाकावर, अगदी भिंतीला टेकून बसलेला. गावातला मानाचा माणूस, पुढचं बाक मोकळं, तरी हा मागे. बाहेर पडताना कुणीतरी लांबून "यशया!" अशी हाक मारली. दादा थांबला. आधी डावं पाऊल वळवलं, मग उजवं, मग कंबर, आणि खांदे फिरले तेव्हा कुठे तोंड फिरलं. डोकं खांद्यावर ठोकून बसवल्यासारखं होतं. मी अठरा वर्षं माणसांच्या हालचाली बघतोय. मला कळायला किती वेळ लागणार?

घरी त्याच्या बायकोने, मरियाबाईने, करंज्यांची ताटली पुढे ठेवली. दादा बाहेर पाहुण्यांत होता. ती हळूच म्हणाली, "साहेब, त्यांची मान पार आखडलीय. नगरच्या डॉक्टरनी सांगितलं, मनके झिजलेत. रातीला कूस बदलता येत न्हाई. तुमी साहेब हायेत, तुमीच त्यांना गाडीवरनं उतरवा. माझं ऐकत न्हाईत."

"बघतो," मी म्हणालो.

करंजी खाल्ली आणि दुसरी उचलली. बघतो हा शब्द फार सोयीचा. त्यात होही नाही आणि नाहीही नाही.

मी काही बघितलं नाही. दादाला उतरवायचं तर नवा ऑपरेटर शोधा, त्याची परीक्षा घ्या, ती खोडीची गाडी त्याच्या हाताला बसेपर्यंत फुटलेले ब्लॉक मोजा आणि वरून मोठ्या साहेबांची बोलणी खा. शिवाय दादाचं काम इतकं साफ! एक दिवस टपरीवर मी त्याला आडून विचारलं, "दादा, मान कशी आहे?" त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "साहेब, जमिनीवर मी म्हातारा हाय. पायरी उतरताना पाय दिसत न्हाईत मला. पर गाडीवर बसलो ना, का चारी चाकं माझ्यावतीनं वळत्यात. तेवढं राहू द्या." त्याला तिथून उतरायचं नव्हतं, आणि मला त्याला उतरवायचं नव्हतं. आमचं दोघांचं चांगलं जमलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेटरांचे वर्षाचे फॉर्म भरायचे असतात. डोळे, कान, रक्तदाब हे डॉक्टर बघतो. हालचालींचा रकाना माझ्याकडे. सातवा प्रश्न, 'मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का?' माणसाला समोर उभं करून बघायचं असतं. मी ऑफिसात पंख्याखाली बसून सगळ्यांच्या फॉर्मवर ओळीने 'होय' लिहिलं आणि सह्या केल्या. आधीही तसंच करायचो, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. दादाच्या फॉर्मवर पेन जरा थांबलं, हे खरं. पण थांबून पुढे गेलंच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

एप्रिलच्या मध्यावर व्हायचं ते झालं.

वर नेलेल्या ब्लॉकांपैकी एक पॅलेट कच्चं निघालं. ते परत न्यायला ट्रक खाली उभा होता आणि ट्रकवाला घाई करत होता. भरलेली गाडी उतारावरून खाली आणायची तर माल चढाकडे हवा, नाहीतर तो पुढे घसरतो. म्हणजे गाडी उलटी उतरवायची, मागे बघत. हा नियम मीच बोर्डावर रंगवून घेतलेला. असं काम दादावर कधी यायचं नाही, कारण भरलेला माल खाली येतच नसे. त्या दिवशी दुसरा ऑपरेटर सुट्टीवर होता. मोठे साहेब मला म्हणाले, "सांगा यशयाला." मी दादाला जाऊन सांगितलं. अर्थात समोर जाऊन.

त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. मला तर वाटतं, त्यालाही तेच वाटलं असेल, की साहेब आता नको म्हणतील.

"मालनबाईला माझ्यासंगं ठेवा," तो म्हणाला.

पण मी मालनबाईला खाली रस्ता मोकळा करायला पिटाळलं होतं. नियमाप्रमाणेच. दादाने 'खेकडा' लावून पॅलेट उचललं, बाहेर निघाला आणि आता 'साधा' लावायचा म्हणून थांबला. गाडी गप झाली. मालनबाई तिथे असती तर वाकली असती. ती दीडशे फूट खाली, पाठमोरी. खालून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी वर उभा होतो, चाकांपासून वीस पावलांवर. मागची चाकं थोडी वाकडी होती. मला ती दिसत होती का? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, मी मोबाईलवर होतो.

दादाने अंदाजाने दांडा टाकला आणि गाडी उलटी सोडली.

सुरुवातीला ती सरळ चालली असं वाटलं. मग तिचं बूड हळूहळू रस्त्याच्या कडेला जायला लागलं. त्याच कडेला मालनबाई उभी होती, जिथे तिने उभं राहायचं तिथेच. ती वळली आणि तिने लाल झेंडा हलवला. दादाचं तोंड पुढे, माझ्याकडे. आरशांवर मुरमाची धूळ. तिने शिट्टी फुंकली, पण शेजारी कंप्रेसर चालू होता. मग कंप्रेसर क्षणभर थांबला आणि ती ओरडली, "दादा! ओ दादा!" मागून. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला मागून हाक मारली. ती मी वर ऐकली. दादाच्या कानावर गेली तेव्हा त्याची मान हललीसुद्धा नाही, फक्त पाय ब्रेकवर पडला.

गाडी कडेच्या बांधावर एक चाक चढवून थांबली. ब्लॉक जागेवर राहिले. मालनबाईने त्याआधीच शेजारच्या चरात उडी टाकली होती. उजवं मनगट मोडलं. चाक आणि तिची पडलेली चप्पल यांत हातभर अंतर होतं, ते मी नंतर टेपने मोजलं. मोजायचं असतं.

तीन दिवसांनी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये अहवाल झाला. मोठे साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे, पण शेळी कुठली पकडायची ते त्यांना बरोबर कळायचं. "ती बाई चुकीच्या जागी उभी होती, असं लिहा," त्यांनी मला सांगितलं होतं. "ठेकेदाराकडची आहे. बदलून टाकतील." आणि मी तसं लिहिलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला भाषा लागते, ती मला येते. 'झेंडेधारकाने निश्चित स्थान न पाळल्यामुळे' असं काहीतरी. मालनबाई हात गळ्यात अडकवून आली होती. सही कुठे करायची ते विचारत होती, आणि डाव्या हाताने केली तर चालेल का, तेही. तिने त्या कागदावर काय आहे ते विचारलंच नाही.

दादा दाराशी उभा होता. म्हणाला, "काय लिवलंय, मोठ्यानं वाचा साहेब."

मी वाचलं.

"त्यो कागद ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाला. "आधी माझी मान बघा."

तो खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला, मोठ्या साहेबांकडे तोंड करून, पाय जुळवून, शाळेतल्या पोरासारखा. "मालनबाई, माझ्या पाठीमागं ऱ्हावा. किती बोटं धरताय ते मी सांगतो." मालनबाई गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग डाव्या हाताची बोटं वर केली. दादाने मान वळवायला सुरुवात केली. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कपाळावर घाम आला, डोळे कोपऱ्यात गेले, पण मान पुढे सरकली नाही. असा तो बराच वेळ उभा राहिला. मालनबाई रडायला लागली आणि बोटं तशीच वर धरून म्हणाली, "तीन हायेत दादा, तीन. बास करा आता."

"बाई तिच्या जागेवरच हुती," दादा म्हणाला. "मला दिसत न्हाई. चूक माझी हाय."

मोठ्या साहेबांनी माझा फॉर्म काढला. सातवा प्रश्न, होय, खाली सही. "हे मार्चमधलं आहे," ते मला म्हणाले. मग दादाकडे वळले, "कधीपासून वळत नाही?"

दादाने पावलं टाकत अख्खं अंग माझ्याकडे फिरवलं. माझ्याकडे नीट बघितलं. मरियाबाईने मला काय सांगितलं होतं ते त्याला माहीत होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिने घरी सांगितलंच असणार.

"हेच आत्ता, पंधरा-वीस दिस झालं," तो म्हणाला. "अजिनाथसाहेबांनी तपासलं तवा वळत हुती."

प्रार्थनेला बसणारा माणूस. माझ्या देखत, माझ्यासाठी खोटं बोलला. त्या केबिनमध्ये मी एकच खरं वाक्य बोलायचं होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

मालनबाईचा कागद फाडला गेला. ती कामावर राहिली, प्लॅस्टर निघालं, झेंडा पुन्हा धरते. तो हिरवा दिवा दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त झाला. एक वायर तुटली होती, बाकी काही नाही. दादा गाडीवरून उतरला. गेटवर बसायचं काम देतो म्हटलं तर नको म्हणाला, गेटवर सारखं मागे-पुढे बघावं लागतं. शेवटच्या दिवशी त्याने गाडीच्या सीटवरची त्याची घडी केलेली गोधडी काढून काखेत मारली आणि सगळ्यांना समोरून भेटून गेला.

परवा सुप्याच्या चौकात तो दिसला. पारनेरला जाणाऱ्या गाडीची वाट बघत, माझ्याकडे पाठ करून उभा होता. हातात भाजीची पिशवी. हाक माझ्या ओठावर आली आणि मी ती गिळली. वळसा घालून समोर गेलो.

"या साहेब," तो म्हणाला, जणू आम्ही काल भेटलो होतो. मालनबाईच्या हाताची चौकशी केली. दिवा लागतो का विचारलं. लागतो, मी म्हणालो. मग मी त्या केबिनमधल्या गोष्टीवर येणार तोच त्याने हात वर केला. "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमची नोकरी हाय, पोरं शिकत्यात. नाताळ जवळ आलाय. या आमच्याकडं. मरिया करंज्या करती."

माझ्या डोळ्यांसमोर मरियाबाईने पुढे ठेवलेली ती करंज्यांची ताटली आली.

"बघतो," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून गेला आणि आम्हा दोघांनाही ऐकू आला. दादाने नुसती पापणी मिटून उघडली. मान हलवायची म्हटली तरी त्याला आता तेवढंच जमतं.

मी निघालो. चौक ओलांडेपर्यंत त्याची नजर आपल्या पाठीवर आहे असं वाटत राहिलं. मग आठवलं, मी त्याच्या मागच्या बाजूला आलोय. त्याला वळून बघता येत नाही. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या सहीचीही वाटत नाही.